दोन ड्राफ्टांचे मास्तर

आमच्या गावात एखादं काम होणार नसेल तर 'होणार नाही' असं कुणी तोंडावर म्हणत नाही. 'ड्राफ्टात आसा' असं म्हणतात. व्हाळाच्या पाण्यावर बांधायचा साकव ड्राफ्टात असतो, बाबल्याच्या मुलाचं लग्न ड्राफ्टात असतं, मुंबईच्या दिराने चतुर्थीला आणतो म्हटलेला मिक्सर ड्राफ्टात असतो. परवा माझ्या पर्यटकांच्या खोल्यांत उतरलेल्या पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, "इथे गरम पाण्याचा नळ नाही का हो?" माझ्या तोंडून आपोआप निघालं, "ड्राफ्टात आहे." बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना समजवायचं तर दिगंबर मास्तरांपासून सुरुवात करावी लागली असती, आणि बाईंना डॉल्फिन बघायची घाई होती. डॉल्फिन त्यांना दिसले नाहीत. मास्तर सांगायचे राहिले ते राहिलेच.

दिगंबर मास्तर जवळच्या कट्टा गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि राहायचे आमच्या गावात, नेमके आमच्या शेजारी. म्हणजे माझी दोन्हीकडून कोंडी. शाळेत खोडी केली तर घरी कळायची आणि घरी खोडी केली तर शाळेत. मी आणि मास्तर एकाच एसटीने कट्ट्याला जायचो, पण ते पुढच्या दारापाशी उभे राहायचे आणि मला ओळख दाखवायचे नाहीत. "गाडीत मी प्रवासी, शाळेत मी शिक्षक, घरी मी शेजारी," असं त्यांचं म्हणणं. वर्गात ते छापील मराठी बोलत, घरी आले की मालवणी, आणि रागावले की इंग्रजी. त्यामुळे मास्तर रागावलेत हे कळायचं, कशावरून रागावलेत ते कळायचं नाही.

शर्टाच्या खिशात एक झकास पेन आणि कानावर पेन्सिल, ही त्यांची ओळख. सगळं लिखाण पेन्सिलीने व्हायचं. "पेन फायनलसाठी असतं," ते म्हणायचे. फायनल कधी आलंच नाही. एकदा कुठल्याशा सहीसाठी मी त्यांचं पेन मागितलं, तर टोपण निघेना. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी ओढून पाहिलं. शेवटी त्यांनी ते पुसून पुन्हा खिशाला लावलं आणि पेन्सिल माझ्यापुढे केली.

त्यांचा खरा संसार दोन शब्दांशी होता. दोन्ही इंग्रजी, दोन्हींचा उच्चार ड्राफ्ट. एकाच्या पोटात सरळ एफ, तर दुसऱ्याच्या पोटात यू, जी, एच असा सगळा गोतावळा. दरवर्षी दहावीच्या वर्गात मास्तर फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारायचे, दोन बाजूंना हे दोन शब्द लिहायचे आणि खडू खाली ठेवून म्हणायचे, "साहेबाने आपल्यावर राज्य केलं ते बंदुकीने नाही. या दोन शब्दांनी केलं. ज्याला हे दोन कळले त्याला साहेब कळला." मग तो तास जो सुरू व्हायचा तो आठवडाभर संपायचा नाही. इतिहासाच्या बाई दारात येऊन उभ्या राहायच्या आणि परत जायच्या.

डावीकडचा ड्राफ्ट सोपा. आधी लिहितो तो कच्चा मजकूर, बँकेत मिळतो तो कागद, परदेशात तरुण पोरांना सक्तीने पलटणीत ओढतात ती भरती. एवढं झालं की मास्तर उजवीकडे वळायचे, आणि मग त्यांच्या अंगात यायचं. भर थंडीत खिडकी उघडायचे. वारा आत घुसला, वह्यांची पानं फडफडली, की ओरडायचे, "हा ड्राफ्ट!" पहिल्या बाकावरच्या गण्याला तांब्याभर पाणी एका दमात प्यायला लावायचे. गण्या घटाघटा प्यायचा, मास्तर त्याच्या गळ्याकडे बोट दाखवायचे, "हाही ड्राफ्ट!" गण्याला ठसका लागायचा, त्याकडे त्यांचं लक्ष नसायचं. रस्त्याने बैलगाडी चालली असली तर सगळा वर्ग खिडकीशी न्यायचे. ओझं ओढणाऱ्या जनावराला तोच शब्द. वैद्याने पाजलेल्या औषधाच्या घोटाला तोच. सोंगट्यांच्या एका खेळालाही तोच. मग फळ्यावर जहाज काढायचे, चांगलं ढेरपोट्या, आणि समुद्राची रेघ त्याच्या पोटावरून न्यायचे. "जहाज पाण्यात किती खोल बसतं, तो ड्राफ्ट. हा ज्याला कळला नाही तो खडकावर आपटला."

सगळ्यात शेवटी, आवाज बारीक करून, ते एक अर्थ सांगायचे. "आणि तुमची रापण. किनाऱ्यावर उभे राहून माणसं जाळं ओढतात, आणि त्या एका ओढीत जेवढं म्हावरं वर येतं, त्यालाही साहेब ड्राफ्ट म्हणतो." इथे वर्ग पहिल्यांदा जागा व्हायचा. आमच्यातली निम्मी पोरं सकाळी रापण ओढून, हाताला खारट वास घेऊन शाळेत आलेली असायची. इंग्रजी म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी भाषा असं वाटायचं, आणि अचानक ती आमच्या वाळूवर उतरून आमचे बांगडे मोजायला लागली होती. मला तेव्हा खरोखर आनंद झाला होता. आजही रापण वर आली की तो शब्द मनात येतो.

बाकी इंग्रजी मात्र मास्तरांच्या हातून राहूनच गेलं. बोर्डाच्या परीक्षेत मित्राला पत्र लिहायचं आलं, तर आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी वर 'ड्राफ्ट' असं ठळक लिहून खाली कच्चं पत्र लिहिलं, आणि पक्कं लिहायला वेळ उरला नाही. मीही त्यांतलीच. निकाल लागला तेव्हा हेडमास्तरांनी मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तरांनी खुलासा लिहून देतो असं सांगितलं. तो ते निवृत्त होईपर्यंत ड्राफ्टात होता.

आणि एक गंमत. जहाजाचं पोट इतकं झोकात काढणारा हा माणूस जन्मात कधी होडीत बसला नव्हता. पाण्याला घाबरायचे. समुद्राच्या गावात जन्म, समुद्राच्या गावात घर, पण पावलं कधी भिजली नाहीत. शाळेची सहल मालवणच्या किल्ल्यावर गेली तेव्हा ते धक्क्यावर छत्री उघडून बसले. आम्ही होडीत चढताना हजेरी घेतली, उतरताना हजेरी घेतली. किल्ल्यात काय काय बघायचं ते आम्हाला त्यांनी धक्क्यावरूनच, हातवारे करून समजावलं. गण्याने विचारलं, "सर, तुमी येणास नाय?" तर म्हणाले, "माझा किल्ला वाचून झालेला आहे."

सुमतीकाकी म्हणजे त्यांची बायको. गोऱ्या, ठेंगण्या, आणि तोंडाच्या अशा फटकळ की मास्तरांचं इंग्रजीतलं रागावणं बरं वाटावं. मास्तरांच्या पडवीची एक भिंत गिलाव्याविना होती, कारण तिथे खिडकी काढायची की कपाट बसवायचं याचा विचार चालू होता. तो मी चौथीत असल्यापासून चालू होता. पावसात त्या भिंतीतून पाणी झिरपलं की काकी खाली घमेलं ठेवायच्या आणि आमच्या कुंपणाकडे तोंड करून बोलायच्या. बोलणं माझ्या आईशी, ऐकवायचं मास्तरांना.

"लग्न झाल्यार म्हणाले, तुका आंबोलीक न्हेतंय, धबधबो दाखयतंय. माझी गुडघेदुखी इली गो, आंबोली काय इली नाय!"

"अगो, विचार चल्लो आसा," आतून मास्तर.

"तुमचो विचार चलता आणि माझे पाय चलनत नाय. ह्या घरात एक माझा लगीन तेवढा फायनल झाला, ता पण माझ्या बापाशीन केल्यान म्हणान."

गावातले लोक सुरुवातीला अर्जबिर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडे जायचे. शिकलेला माणूस, फुकट लिहून देतो. पांडू तांडेलाने, म्हणजे आमच्या रापणीचा जो मुख्य, त्याने होडीच्या कसल्याशा परवानगीचा अर्ज त्यांना सांगितला. मास्तरांनी पहिला ड्राफ्ट केला, तो वाचून दाखवला, 'कृपया' कुठे घालावं यावर दुसरा केला, मग 'कृपया' मुळात हवंच का यावर तिसरा. तोवर मासेमारीचा हंगाम संपला. तेव्हापासून पांडू मालवणच्या टायपिस्टकडे जायचा, पण मास्तर भेटले की आदराने विचारायचा, "मास्तरानू, आमचो अर्ज खंयसर इलो?" आणि मास्तर तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "ह्यो ड्राफ्ट आसा पांडू. फायनल नंतर." गावाने हे वाक्य उचललं ते असं.

निवृत्तीनंतर मास्तरांचं लक्ष देवळाकडे गेलं. आमच्याकडे कुठल्याही शुभकार्याच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. गावकर घराण्यातला मानकरी नारळ हातात घेऊन रवळनाथासमोर उभा राहतो आणि मोठ्याने, एकेक वाक्य तोडत, देवाला साकडं घालतो. प्रत्येक वाक्याला मागची सगळी माणसं ओरडतात, "व्हय म्हाराजा!" वाक्य काय आहे हे ऐकायची गरज नसते. आवाज वर चढून थांबला की माणसं ओरडतात, हे आमच्या हाडात भिनलेलं आहे. आमची तान्ही पोरं 'आई' म्हणायच्या आधी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आबा गावकर हे आमचे मानकरी. त्यांचं गाऱ्हाणं ऐकून मास्तर म्हणाले, "भावना चांगली आहे. मांडणीला शिस्त नाही."

झालं. एका जत्रेला आबांचा घसा बसला होता, आणि त्यांनी मोठ्या मनाने मास्तरांना पुढे केलं. मास्तरांनी खिशातून पेन्सिलीने लिहिलेले कागद काढले, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "अनुक्रमांक एक!"

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडला.

मास्तर दचकले. "विषय, ग्रामस्थांचे आरोग्य व पर्जन्यमान यांबाबत!"

"व्हय म्हाराजा!"

"थांबा. इथे स्वल्पविराम आहे!"

"व्हय म्हाराजा!"

पुढे ते खोडरबराने काहीतरी खोडायला लागले, तेव्हा बायका पदर तोंडात कोंबून बाहेर पळाल्या. शेवटी मास्तर रडकुंडीला येऊन म्हणाले, "हा मसुदा अंतिम नाही!" त्यालाही गावाने एकमुखाने होकार दिला. त्या वर्षी पाऊस उशिरा आला, तर लोक म्हणाले, देवाकडे अजून ड्राफ्टच पोचलेला असणार.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग जेटी आली.

देवळासमोरची वाळू ही आमच्या रापणीची जागा. दोन्ही बाजूंना खडक आणि मधे स्वच्छ, सपाट किनारा, म्हणून जाळं तिथेच ओढता येतं, दुसरीकडे फाटतं. तिथेच पर्यटकांच्या बोटींसाठी तरंगती जेटी आणि गाड्यांसाठी तळ करायचा असा आराखडा निघाला. पंचायतीच्या फळ्यावर त्याचा कागद लागला. कागदावर मोठ्या अक्षरांत 'ड्राफ्ट प्लॅन' लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत, कुणाची हरकत असेल तर कळवावी. दुसऱ्या गावात लोक जागे झाले असते. आमच्या गावात लोकांनी वरचा शब्द वाचला आणि पोट धरून हसले. "ड्राफ्ट आसा मा? मगे काय्येक होवचा नाय!" पांडू तांडेल तर त्या फळ्याखाली उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो शब्द दाखवायचा. हरकत एकही गेली नाही.

एका सकाळी माणसं आली आणि त्यांनी वाळूत लाल रंगाचे खुंट रोवले. त्या दिवशी रापण लागली नाही. पांडू तसाच, ओल्या चड्डीवर, मास्तरांच्या अंगणात आला. मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते.

"मास्तरानू," तो म्हणाला, "तुमचो ड्राफ्ट आमच्या रेतीत रोवल्यानी."

मास्तर पडवीत बसले होते. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, हातात धरली आणि पुन्हा कानावर ठेवली. पांडू थोडा वेळ थांबून निघून गेला. दुपारी काकी आमच्याकडे आल्या, कधी नव्हे ते हळू आवाजात बोलल्या. "जेवक नाय ते. ताट तसाच आसा. म्हणतत, ड्राफ्ट म्हणजे काय नसता, ह्या मीच शिकयलंय गो सगळ्यांका." मला वाईट वाटलं. इतकी वर्षं आम्ही त्या शब्दावर हसत होतो आणि हसता हसता वाळू जायची वेळ आली होती.

आराखडा पक्का होण्याआधी गावात एक सुनावणी घ्यावी लागते, त्यासाठी जिल्ह्याहून साहेब येणार, हरकत घ्यायची ही शेवटची संधी आहे, असं कळलं. मास्तरांनी लिहायला घेतलं. रात्रंदिवस पेन्सिल. कधी नव्हे ते गाव त्यांच्या पडवीकडे आशेने बघत होता. पांडूची बायको रोज मासे पाठवायची, उधारीवर बाजारातून आणून, मास्तरांचं डोकं चालावं म्हणून.

पंचायतीचं छप्पर गळत होतं म्हणून सभा देवळातच ठेवली. इथेच सगळं घडलं. साहेब तरुण होते, गुळगुळीत दाढी केलेले, लांबचे. पाहुणे म्हणून कुणी त्यांच्यासमोर नारळ ठेवला, कुणी उदबत्ती लावली. माइक चालेना, तेव्हा साहेब मोठ्याने वाचायला म्हणून पुढे आले आणि आबा गावकर गाऱ्हाणं घालतात नेमक्या त्याच खांबापाशी उभे राहिले. एकेक वाक्य तोडत, शेवट वर चढवत त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"सदर किनाऱ्यावर पर्यटकांसाठी तरंगती जेटी उभारण्यात यावी!"

आबा पुढेच बसले होते. त्यांना अलीकडे ऐकू कमी यायचं. त्यांना खांबाशी उभा माणूस दिसला, नारळ दिसला, सूर कानावर आला. त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि दणक्यात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

आणि मागून सगळा गाव, "व्हय म्हाराजा!"

साहेब चमकले, मग हसले. "वाहनतळासाठी लगतची जागा मोकळी करण्यात यावी!"

"व्हय म्हाराजा!"

"सदर ठिकाणी जाळी ओढण्यास मनाई करण्यात यावी!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज पांडू तांडेलाचा होता. ओरडून झाल्यावर त्याला कळलं आपण काय ओरडलो ते. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, पण शब्द गेलेला होता.

"लिहा," साहेब कारकुनाला म्हणाले, "एकमताने संमत."

मग जो गोंधळ उडाला तो काय सांगावा. सगळे एकदम उभे राहिले. आबांना कुणीतरी कानात ओरडून झालेला प्रकार सांगितला, ते डोक्याला हात लावून खालीच बसले. साहेब शांत. "आता आरडाओरडा करून काय उपयोग? होकार तुम्हीच दिलात. मोबाइलवर रेकॉर्ड आहे."

"साहेब," मागून मास्तर आले, हातात कागदांचा गठ्ठा. "ग्रामस्थांची हरकत मी लिहून आणलेली आहे."

साहेबांनी गठ्ठा हातात घेतला. खोडाखोड, बाण, समासात वर-खाली केलेली वाक्यं. "फायनल आहे का हे?" त्यांनी विचारलं.

मास्तर खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी कागदांकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही."

साहेबांनी गठ्ठा परत केला. कारकून खाली मान घालून हसला. त्या क्षणी मला मास्तरांचा इतका राग आला की कुंपणापलीकडून इतकी वर्षं ऐकलेले काकींचे सगळे शब्द मला कमी वाटले.

मास्तरांनी कागद खाली ठेवले. चष्मा काढून कागदांवर ठेवला. साहेबांसमोरचा नारळ उचलला आणि आमच्याकडे पाठ करून, रवळनाथाकडे तोंड करून, खांबापाशी उभे राहिले. पहिला शब्द फुटला तेव्हा आवाज चिरका होता.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी सगळी लेकरा तुझ्या दारात जमली आसत!"

कुणी ओरडायलाही धजेना. मग आबा ओरडले, आणि मागून गाव. "व्हय म्हाराजा!"

"मगाशी तेंच्या तोंडातसून जा काय इला, ता सवयीन इला, मनातसून नाय इला!"

"व्हय म्हाराजा!"

"ही रेती आमच्या पणज्यांनी पायान तुडवल्यानी! हयसर जाळा लागता, म्हणान आमच्या चुली पेटतत! हयसर खांब रोवले, तर दोरी घेवन आमी खंय जातलाव?"

"व्हय म्हाराजा!" देवळाची कौलं हलली असतील.

"ह्या म्हाताऱ्यान जन्मभर पोरांका सांगल्यान, ड्राफ्ट म्हणजे होवचा नसता! तेचा पाप तेच्या पदरात घाल, पोरांच्या पदरात घालू नको!"

"व्हय म्हाराजा!" हे म्हणताना पांडू रडत होता.

इथे थांबायला हवं होतं. आबा इथेच थांबले असते. पण मास्तरांच्या हातात कागद नव्हता, त्यामुळे कुठे थांबायचं ते त्यांना कळेना. "आणि ही रेती आमका रवली," ते बोलून गेले, "तर देवा म्हाराजा, मी सोता दर्याच्या पाण्यात उतारतलंय! जिवात जीव आसा तवसर रापणीची दोरी ओढतलंय!"

ज्यांनी सहलीला किल्ला धक्क्यावरून पाहिला ते मास्तर. गाव आ वासून बघत राहिला, होकार द्यायचंही विसरला. आणि मग बायकांच्या बाजूने एकटा, बारीक, कापरा आवाज आला. सुमतीकाकी होत्या.

"व्हय म्हाराजा!"

मग जे ओरडले ते सगळेच ओरडले. त्यात कारकूनही होता. तो मूळचा आमच्याच बाजूचा, त्याच्याही हाडात तेच. मास्तर वळले, नारळ साहेबांच्या हातात दिला आणि म्हणाले, "लिहा साहेब. एकमताने."

साहेबांचा मोबाइल चालूच होता. पहिला होकार धरायचा तर दुसराही धरावा लागत होता. ते हसले की घाबरले हे मला नीट दिसलं नाही, पण नारळ त्यांनी खाली ठेवला नाही.

जेटी झाली, नाही असं नाही. खाडीच्या तोंडाशी, पलीकडच्या अंगाला झाली. गावाने या विजयाचा आनंद असा साजरा केला की नव्या जेटीपाशी आधी चहाची टपरी कुणी टाकायची यावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. माझ्या खोल्या भरतात त्या त्याच जेटीमुळे. पण देवळासमोरची वाळू राहिली. लाल खुंट पांडूने उपटले आणि त्यांवर काकींनी पाणी तापवलं.

आणि मास्तर अडकले. पावसाळ्यानंतर रापण पुन्हा लागायची वेळ आली, तसा पडवीत विचार सुरू झाला. ओढायची म्हणजे नेमकं काय, दोरीला नुसता हात लावला तर चालेल का, वाळूतून ओढली तर नवस पुरा होतो का. काकी पोळ्या लाटता लाटता ऐकत होत्या. "आता देवाक काय सांगतलास?" त्या म्हणाल्या. "तो नवस ड्राफ्ट होतो म्हणान?" मास्तर उठले आणि पँटचे पाय वर दुमडायला लागले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मास्तर गेले. साध्या तापाने, झोपेत. त्यामुळे त्यांचा तो एकच हंगाम.

मला ते आठवतात ते त्या हंगामातल्या पहिल्या सकाळचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला ते न उघडणारं पेन, गुडघ्यापर्यंत वर केलेली पँट आणि गावाने पहिल्यांदाच पाहिलेल्या पांढऱ्याफटक पोटऱ्या. चतुराई करून त्यांनी दोरीचं अगदी वाळूवरचं टोक धरलं होतं. पण रापण ओढायची रीत त्यांनी कधी जवळून पाहिली नव्हती. दोरी धरून माणूस मागे मागे सरकत वाळूवर येतो, टोकाला पोचला की दोरी सोडतो आणि पुन्हा खाली जाऊन सगळ्यांच्या पुढे, पाण्यात उभा राहून दोरी धरतो. कोरड्या जागी कुणालाच कायम उभं राहता येत नाही. मास्तरांचीही पाळी आली. पांडू म्हणाला, "मास्तरानू, ऱ्हवांदेत, पाण्यात मी रवतंय." मास्तरांनी मान हलवली. चालत गेले, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, डोळे गच्च मिटून. लाट आली आणि शर्ट छातीपर्यंत भिजला. काठावर काकी टॉवेल घेऊन उभ्या होत्या, त्यांनी टॉवेल तोंडाशी धरला. मास्तरांनी दोरी सोडली नाही. डोळे न उघडताच समुद्राकडे तोंड करून ते ओरडले, "ओढतंय म्हाराजा!"

आणि दोरीवरचे सगळे, मीसुद्धा, हातातल्या चपला टाकून दोरी धरत, "व्हय म्हाराजा!"